इंग्रजीतलं सेल नीट कसं वापरायचं: विकणे, खपणे, पटवणे आणि बाकीचं सगळं

सेल म्हणजे विकणे, हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं आणि ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. 'द बुक सेल्स वेल' असं वाक्य आलं की अडखळायला होतं, पुस्तक कसं काय विकेल, विकणारा तर दुकानदार ना? पुढे 'आय ॲम नॉट सोल्ड ऑन द आयडिया' येतं आणि तिथे पैशाचा, मालाचा कशाचाच संबंध नसतो. 'दे सोल्ड अस आउट' मध्ये तर चक्क कुणीतरी कुणाला तरी दगा दिलेला असतो. हे सगळे वेगवेगळे अर्थ पाठ करत बसायची गरज नाही. वाक्यात तीन जागा बघायच्या: विकणारा म्हणून पुढे कोण उभं आहे (माणूस की वस्तू), विकलं काय जातंय, आणि सेलच्या नंतर एखादा छोटा शब्द चिकटलाय का, म्हणजे आउट, ऑफ, ऑन, अप, शॉर्ट वगैरे. हे तीन बघितले की अर्थ बहुतेक वेळा आपोआप कळतो.

पण त्याआधी स्पेलिंग, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. मराठीत आपण जे 'सेल' लिहितो त्यात इंग्रजीतले कमीत कमी तीन वेगळे शब्द लपलेत. क्रियापद आहे ते एस-ई-डबल एल, उच्चार आखूड, ए अगदी पटकन सोडून द्यायचा. दुसरा एस-ए-एल-ई, म्हणजे विक्री किंवा 'सेल लागलाय' मधला सेल, त्याचा उच्चार लांब, जवळजवळ सेइल. तिसरा सी-ई-डबल एल, घड्याळात घालतो तो सेल, शरीरातली पेशी आणि तुरुंगातली खोली, आणि याचा उच्चार क्रियापदासारखाच, काहीच फरक नाही. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात म्हणून डोक्यातही एकच होऊन बसतात आणि मग लोक जाहिरातीत 'बाइक फॉर सेल' लिहिताना एस-ई-डबल एल टाकतात, किंवा मेसेजमध्ये 'आय वॉन्ट टू' च्या पुढे एस-ए-एल-ई लिहितात. दोन्ही चूक. इथून पुढे गोंधळ नको म्हणून मी क्रियापदाला सेल आणि नामाला सेइल असं लिहितोय.

लक्षात ठेवायची युक्ती साधी आहे. 'टू' च्या पुढे, 'कॅन', 'विल', 'डोन्ट' च्या पुढे आलं तर ते क्रियापद, सेल. 'फॉर', 'ऑन', 'द', 'अ' च्या पुढे आलं तर नाम, सेइल. अपवाद एकच नेहमीचा आहे, 'हार्ड सेल', 'सॉफ्ट सेल', 'टफ सेल', इथे क्रियापदच नाम बनून बसलंय, त्याबद्दल पुढे सांगतो.

रूपं बघू. सेल, सोल्ड, सोल्ड. 'सेल्ड' असं काही नसतं. हे टेल, टोल्ड, टोल्ड सारखंच चालतं, दोन्ही एकत्र पाठ केले की विसरत नाही. मराठी माणसाला इथे एक आराम आहे, आपल्याकडे विकला, विकली, विकलं, विकले, विकल्या असं वस्तूच्या लिंगावर आणि संख्येवर क्रियापद बदलतं, इंग्रजीत घर असो, गाडी असो, दहा गाड्या असोत, सगळ्यांना सोल्डच. फक्त वर्तमानकाळात ही, शी, इट आलं की सेल्स करायला विसरू नका.

आता मुख्य वापर. कुणाला काय विकलं हे दोन पद्धतीने सांगता येतं. 'आय सोल्ड माय बाइक टू हिम' किंवा 'आय सोल्ड हिम माय बाइक'. दोन्ही बरोबर, पण दुसऱ्यात 'टू' येत नाही, आणि 'आय सोल्ड टू हिम माय बाइक' हे मिश्रण कानाला खटकतं. आपण 'त्याला' म्हणतो म्हणून 'आय सोल्ड हिम' एवढंच लिहून थांबायची सवय असते, ते मात्र टाळा, कारण तसं लिहिलं तर त्याचा अर्थ मी त्यालाच विकलं असा होतो. वस्तूचं नाव लिहायचंच, नाहीतर इट घालून 'आय सोल्ड इट टू हिम' म्हणायचं. या दोन कर्मांच्या रचनेतून एक उपयोगी वाक्य तयार होतं, तक्रार करताना फार कामाला येतं: 'आय वॉज सोल्ड अ फॉल्टी फोन', म्हणजे मला बिघडलेला फोन विकला. मराठीत 'मला' असलं तरी इंग्रजीत 'आय' कर्त्याच्या जागी येतो, आणि विकणाऱ्याचं नाव न घेता तक्रार करता येते.

किमतीसाठी 'फॉर' आणि 'ॲट' दोन्ही चालतात पण कामं थोडी वेगळी. ठरलेली, हातात आलेली रक्कम सांगायची असेल तर 'फॉर', म्हणजे 'शी सोल्ड इट फॉर हाफ द प्राइस'. दर किंवा स्थिती सांगायची असेल तर 'ॲट', म्हणजे 'ॲट अ प्रॉफिट', 'ॲट अ लॉस', 'ॲट अ डिस्काउंट'. मोजमाप आलं की 'बाय': 'दे सेल इट बाय द मीटर', 'बाय द डझन', 'बाय वेट'. या 'बाय' बरोबर 'द' येतो, फक्त वेट सारख्या सामान्य शब्दाबरोबर नाही. उधारीवर विकलं तर 'ऑन क्रेडिट'. एवढं पाठ असलं की धंद्याचा कुठलाही ईमेल लिहिता येतो.

इथे एक काळाची भानगड आहे आणि ती समजून घेणं फार महत्त्वाचं आहे असं मला वाटतं. 'आय सेल कार्स' म्हणजे गाड्या विकणं हा माझा धंदा. 'आय ॲम सेलिंग माय कार' म्हणजे मी माझी गाडी विकायला काढलीये, अजून विकली गेलीये असं नाही, गिऱ्हाईक मिळालंय असंही नाही. मराठीत आपण 'विकतो' आणि 'विकायला काढलीये' असा फरक करतो, इंग्रजीत तो चालू वर्तमानकाळच दाखवतो. बोलताना आपण गाडी 'काढली' असंही म्हणतो, जुनी काढली म्हणजे विकली आणि नवीन काढली म्हणजे घेतली, ऐकणाऱ्याला संदर्भाने कळतं. इंग्रजीत तशी सोय नाही, सोल्ड आणि बॉट वेगळे ठेवावेच लागतात. तसंच दागिने 'मोडले' म्हणताना आपल्या मनात विकले असतं, तिथे 'ब्रोक' लिहिलं तर समोरचा वेगळंच समजेल, सरळ 'सोल्ड' लिहा.

आता पुस्तकाकडे येऊ. 'द बुक सेल्स वेल', 'द न्यू मॉडेल इजन्ट सेलिंग', 'द हाउस सोल्ड इन अ वीक'. या वाक्यांत कर्त्याच्या जागी वस्तू आहे आणि विकणारा माणूस गायब आहे. मराठीत यासाठी आपल्याकडे फार सुंदर क्रियापद आहे, खपणे. पुस्तक चांगलं खपतं, नवीन मॉडेल खपत नाहीये. घरासाठी खपलं म्हणत नाही, तिथे 'आठवड्यात विकलं गेलं' म्हणू. म्हणजे विकणे हे माणूस करतो आणि खपणे हे वस्तूच्या बाबतीत घडतं, आपण दोन शब्द ठेवले, इंग्रजीने एकाच शब्दावर दोन्ही कामं टाकली. म्हणून भाषांतर करताना सेलच्या आधी वस्तू दिसली की विकणे विसरा आणि खपणे, विकलं जाणे, मागणी असणे, उठाव असणे यातलं काय बसतं ते बघा.

या रचनेचे दोन नियम आहेत जे कुणी नीट सांगत नाही. पहिला, एकट्याने हे वाक्य लंगडं वाटतं, सोबत काहीतरी लागतं, 'वेल', 'फास्ट', 'बॅडली', किंवा नकार, किंवा किंमत, किंवा किती वेळात ते. 'द बुक सेल्स' एवढंच कुणी सहसा म्हणत नाही, म्हटलं तर बाकीची खपत नाहीत पण हे खपतं असा जोर येतो, जसं बातम्यांच्या धंद्यात 'बॅड न्यूज सेल्स' म्हणतात. दुसरा नियम, या रचनेत कुणी विकलं ते 'बाय' लावून सांगता येत नाही. 'द हाउस सोल्ड बाय माय अंकल' हे त्या अर्थाने चूक आहे. काकांनी विकलं हे सांगायचंच असेल तर 'द हाउस वॉज सोल्ड बाय माय अंकल' करा. 'सोल्ड' आणि 'वॉज सोल्ड' दोन्ही बरोबर असतात, पहिल्यात नजर वस्तूच्या मागणीवर असते आणि दुसऱ्यात कुणीतरी केलेल्या व्यवहारावर.

एखादी वस्तू इतकी चांगली की समजावून सांगावंच लागत नाही, तिला 'इट सेल्स इटसेल्फ' म्हणतात. आणि हातोहात खपली तर 'सेल लाइक हॉट केक्स'. हे शेवटचं फार वापरून गुळगुळीत झालंय, औपचारिक लिखाणात 'सोल्ड व्हेरी क्विकली' बरं दिसतं.

तिसरा मोठा अर्थ म्हणजे पटवणे. विकायला समोरच्याला पटवावंच लागतं, तिथून हा अर्थ पसरला असावा हे सहज समजतं. रचना दोन आहेत आणि उलट्या आहेत म्हणून गडबड होते. 'सेल द आयडिया टू युअर बॉस' म्हणजे कल्पना साहेबांच्या गळी उतरवा. 'सेल युअर बॉस ऑन द आयडिया' चा अर्थही तोच, फक्त यात माणूस आधी आणि 'ऑन' च्या पुढे कल्पना. मराठी मनाला दुसरं वाक्य साहेबांना विकल्यासारखं वाटतं, पण 'ऑन' दिसला आणि पुढे कल्पना, योजना असं काही असलं की ते पटवणेच समजायचं. यातूनच 'आय ॲम सोल्ड' आलं, म्हणजे मला पटलं, मी तयार आहे. 'आय ॲम नॉट सोल्ड ऑन इट' म्हणजे मला अजून तितकंसं पटलेलं नाही, आणि ऑफिसमध्ये नकार सौम्य शब्दांत द्यायला हे वाक्य खूप चांगलं आहे. खरेदीच्या बाजूचा जोडीदार पण आहे याला, 'आय डोन्ट बाय इट' म्हणजे मला हे खरं वाटत नाही. नुसतं 'सोल्ड!' असं कुणी म्हटलं तर संदर्भ बघा, लिलावात हातोडा पडल्यावर ते सौदा पक्का झाल्याचं असतं, गप्पांमध्ये 'पटलं, चला' असं.

'हार्ड सेल' चे दोन अर्थ आहेत. एक, मागे लागून, दबाव टाकून विकायची पद्धत, आणि तिच्या उलट 'सॉफ्ट सेल', गोडीगुलाबीने. दुसरा, पटवायला अवघड गोष्ट: 'रेझिंग टॅक्सेस इज अ हार्ड सेल', कर वाढवायचं लोकांना पटवणं कठीण. या दुसऱ्या अर्थाला 'टफ सेल' पण म्हणतात. आणि खोटं बोलून वस्तू गळ्यात मारली, माथी मारली तर सेल वापरून 'सोल्ड अ फॉल्टी वन' किंवा 'मिस-सोल्ड' म्हणता येतं. 'मिस-सेलिंग' हा बँका आणि विमा यांच्या संदर्भात नेहमी येणारा शब्द आहे, ग्राहकाला न शोभणारी किंवा नीट न समजावलेली योजना विकणे. असा प्रकार झाला तर तक्रारीत हाच शब्द घाला, वाचणाऱ्याला मुद्दा लगेच कळतो.

नोकरीच्या मुलाखतीबद्दल बोलताना 'सेल युअरसेल्फ' सतत ऐकू येतं. याचा अर्थ आपले गुण समोरच्याला नीट दिसतील असे मांडा, यात काही वाईट नाही. त्याच्या उलट 'डोन्ट सेल युअरसेल्फ शॉर्ट', म्हणजे स्वतःला कमी लेखू नका. हे वाक्य मला फार आवडतं, आणि जे लोक काम चांगलं करतात पण सांगताना 'काही विशेष नाही हो' म्हणतात त्यांनी ते टेबलावर लिहून ठेवावं. पण शेअर बाजारात 'सेल शॉर्ट' अगदी वेगळं आहे, तिथे शेअर उसने घेऊन आधी विकायचे, भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन ज्याचे त्याला परत करायचे आणि मधला फरक खिशात, भाव चढला तर मात्र तोटा आपला. ओळखायचं कसं? सेल आणि शॉर्टच्या मध्ये माणूस असेल तर कमी लेखणे, शेअर किंवा बाजाराची भाषा असेल तर हा व्यवहार.

आता चिकटणारे छोटे शब्द. यात 'आउट' सगळ्यात श्रीमंत आहे. 'द शो इज सोल्ड आउट' म्हणजे हाउसफुल्ल. 'वी हॅव सोल्ड आउट ऑफ धिस साइझ' म्हणजे या मापाचा माल संपला, इथे 'ऑफ' विसरायचा नाही. मग अर्थ माणसाकडे वळतो. 'ही सोल्ड आउट' म्हणजे त्याने पैशासाठी किंवा नावासाठी आपली तत्त्वं सोडली, तो विकला गेला. 'ही सोल्ड अस आउट' म्हणजे तो आमच्याशी फितूर झाला. मध्ये 'अस' आला की दगा, नसेल तर तत्त्वांचा प्रश्न किंवा नुसता माल संपलाय. बोलताना कुणाला 'सेलआउट' म्हणणं हा चांगलाच टोचणारा आरोप आहे, पण तोच शब्द कार्यक्रमाला लावला तर कौतुक.

'सेल ऑफ' म्हणजे काढून टाकणे, मिळेल त्या भावात किंवा भागाभागाने. सरकार कंपन्या विकतं, कंपनी जमिनी विकते, तिथे बातमीत हाच शब्द असतो, आणि बाजारात सगळेच धडाधड शेअर विकायला लागले की त्याला 'सेल-ऑफ' म्हणतात. 'सेल अप' हे ब्रिटिश, घरदार किंवा धंदा सगळं विकून दुसरीकडे जाणे. 'सेल ऑन' पण ब्रिटिश, घेतलेली वस्तू पुढे विकणे, आणि याचा पटवण्याच्या 'ऑन' शी काही संबंध नाही.

सेलच्या आधी काहीतरी जोडून झालेले शब्द धंद्यात रोज लागतात. गिऱ्हाईक एक घ्यायला आलंय त्याला त्याच वस्तूची महाग आवृत्ती घ्यायला लावणं म्हणजे अपसेल, सोबत दुसरी वस्तू घ्यायला लावणं म्हणजे क्रॉस-सेल. फोनचं मोठं मॉडेल दाखवलं तर अपसेल, फोनबरोबर कव्हर दिलं तर क्रॉस-सेल. ओव्हरसेल म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त गुणगान करणे, किंवा जागा आहेत त्यापेक्षा जास्त तिकिटं विकणे.

'फॉर सेइल' आणि 'ऑन सेइल' मध्ये फरक आहे. 'फॉर सेइल' म्हणजे विकायला आहे, बस्स. 'ऑन सेइल' चा ब्रिटिश इंग्रजीत अर्थ बाजारात उपलब्ध असा होऊ शकतो, अमेरिकन इंग्रजीत बहुतेक वेळा सवलतीत. त्यामुळे कुठल्या वाचकासाठी लिहिताय ते बघून वापरा, आणि शंका असेल तर सवलतीसाठी 'ॲट अ डिस्काउंट' लिहून मोकळे व्हा. आपली नोकरी सांगताना 'आय वर्क इन सेइल्स', इथे नाम आहे, एस-ए-एल-ई-एस, 'आय वर्क इन सेलिंग' नको. पाकिटावरच्या 'सेल-बाय डेट' मध्ये मात्र क्रियापद आहे, ती तारीख दुकानदारासाठी असते, तोपर्यंत विकावं म्हणून. वापरणाऱ्यासाठी असते ती 'यूज-बाय'.

खेळाच्या बातम्यांत एक मजेदार प्रयोग सापडतो, 'ही सोल्ड द डिफेंडर अ डमी'. रग्बी आणि फुटबॉलमध्ये पास देतोय असं दाखवून भलतीकडेच निघून जाणे, आपल्या भाषेत हुलकावणी देणे. इथे पण रचना तीच आहे, आधी माणूस, मग वस्तू, वस्तू खोटी एवढाच फरक.

एक प्रयोग मात्र जपून वापरा, 'सोल्ड डाउन द रिव्हर'. अर्थ विश्वासघात झाला असा, आणि बातम्यांत सर्रास दिसतो. पण त्याच्या मागे अमेरिकेतला गुलामांचा व्यापार आहे. 1808 पासून बाहेरून गुलाम आणायला तिथे कायद्याने बंदी आली आणि देशातल्या देशात खरेदीविक्री वाढली, उत्तरेकडच्या गुलाम-राज्यांतून माणसं मिसिसिपी नदीने खाली दक्षिणेच्या कापूस आणि उसाच्या मळ्यांवर विकली जायची, घरच्यांपासून कायमची तुटायची. हे माहीत असताना ऑफिसातल्या छोट्या कुरबुरीसाठी तो वाक्प्रचार वापरणं मला पटत नाही, 'बिट्रेड' किंवा 'लेट डाउन' पुरतं.

एवढे अर्थ एका शब्दात आले कुठून, याचं उत्तर थोडं त्याच्या इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ मुळात देणे, हवाली करणे असा होता, पैसे घेऊन देणे हा अर्थ नंतर पक्का झाला. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी बायबलच्या भाषांतरात 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या प्रार्थनेत 'दे' च्या जागी हेच क्रियापद आहे. म्हणजे हवाली करणे हे मूळ धरलं की माल हवाली करणं आणि मित्राला शत्रूच्या हवाली करणं, दोन्ही एका धाग्यात येतात. आपल्याकडे उलट झालं, संस्कृतात क्री म्हणजे विकत घेणे आणि त्याला वि लागून विक्री, म्हणून 'विकत घेणे' आणि 'विकणे' यांच्यात तोच शब्द राहिला आणि मराठी मुलांना लहानपणी बाय आणि सेल उलटसुलट वाटू शकतात. घरात कुणी शिकत असेल तर दोन्ही क्रियापदं वेगवेगळी पाठ करून घेऊ नका, एकच व्यवहार दोन बाजूंनी सांगायला लावा: 'आय सोल्ड इट टू हर' आणि लगेच 'शी बॉट इट फ्रॉम मी'. 'टू' आणि 'फ्रॉम' पण त्यातच पक्के होतात.

सराव करायचा असेल तर एखादी इंग्रजी बातमी घ्या, व्यापाराच्या पानावर सेल हमखास सापडतो, आणि प्रत्येक ठिकाणी विकणे हा शब्द न वापरता मराठी करून बघा. जिथे विकणे वापरल्याशिवाय जमतच नाही तिथे तो साधा अर्थ, बाकी ठिकाणी खपणे, पटवणे, काढून टाकणे, संपणे, दगा देणे यातलं काहीतरी आपोआप तोंडात येईल. मग उलट करा, आपल्या रोजच्या बोलण्यातलं 'माल पडून आहे', 'त्याला मुद्दा पटवून दिला', 'तिकिटं संपली' हे सेल वापरून इंग्रजीत लिहा. पहिल्याचं 'इट इजन्ट सेलिंग', दुसऱ्याचं 'आय सोल्ड हिम ऑन इट', तिसरं तुम्हाला आता येतंच.